भाचा रिमांड होममधून सुटतोय, परत नशेकडे जाऊ नये म्हणून काय करायचं?

दादा, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात होता, म्हणून आता जेवणं उरकून निवांत लिहायला बसलेय, उत्तर जरा लांबेल. तुम्ही लिहिलंय की भाचा सतरा वर्षांचा, नाशिकच्या सिडकोत आईबरोबर राहतो, गाडीचोरीच्या केसमध्ये तीन महिने रिमांड होमला होता, आता जामीन झालाय आणि पुढच्या आठवड्यात घरी येतोय. आठवीपासून सोल्यूशन, म्हणजे पंक्चर चिकटवायचं रसायन, हुंगायचा, शेवटचं वर्षभर एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आणि मधेमधे नशेच्या गोळ्या. बहीण अंबडला कंपनीत पॅकिंगला, शिफ्ट ड्यूटी, दाजी पितात. भेटीला गेलात तेव्हा पोरगं रडून म्हणालं, मामा मी सगळं सोडलंय. आणि तुम्ही विचारताय की त्याला पिंपळगावला आपल्याकडे घेऊन जाऊ का, फोन द्यावा का, की सरळ व्यसनमुक्ती केंद्रात टाकावं. पोराचं नाव लिहिलं नाहीत ते फार बरं केलंत, अशा मुलाची ओळख उघड करायची नाही असं कायद्यातच आहे, ते नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण पाळा.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. नाशिकमध्ये गेली अठरा वर्षं अशाच पोरांबरोबर काम करतेय, आत असताना भेटायचं आणि सुटल्यावर त्यांच्या घरी जाऊन बसायचं. जे सांगतेय ते त्या घरांमधून शिकलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भाचा खोटं बोलत नाहीये, तो रडला तेव्हा ते खरंच होतं. पण आत असताना नशा थांबलेली असते, सुटलेली नसते. तीन महिने त्याला माल मिळाला नाही, खिशात पैसा नव्हता, मित्र नव्हते, घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. नको म्हणायची वेळच त्याच्यावर आली नाही. शरीर मोकळं झालंय, झोप लागतेय, अंगावर मांस आलंय, ते चांगलंच आहे, पण डोक्यात त्या जागा, ती माणसं, तो वास सगळं जसंच्या तसं ठेवलेलं असतं. रिक्षा त्रिमूर्ती चौकात वळली, ती टपरी दिसली, की छातीत धडधड सुरू होते, हाताला घाम येतो, हे पोरं मला स्वतः सांगतात. आणि मग त्यांना वाटतं की अरे आपण तर सोडलं होतं, मग हे काय होतंय, म्हणजे आपण सुधारणारच नाही. इथे पोरगं हरतं. म्हणून त्याला आत्ताच, भेटीतच सांगून ठेवा की बाहेर आल्यावर तलफ येणार, शंभर टक्के येणार, ती आली म्हणजे तू हरलास असं नाही, पंधरा-वीस मिनिटांत ती लाट उतरते, तेवढा वेळ जागा बदलायची, पाणी प्यायचं, चालायला लागायचं, मला फोन करायचा. "कधी पण" असं मोघम सांगू नका, नंबर पाठ करून घ्या त्याच्याकडून.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्यांना एकच औषध चालत नाही. नुसतं घेत होता की पोचवायला पण जात होता? कुणाची उधारी आहे का? घरात बाटली येते का? आत त्याला नवीन कोण भेटलंय? यातला उधारीचा प्रश्न बहुतेक घरं विचारतच नाहीत आणि मी तो पहिला विचारते. एमडी फुकट मिळत नाही, आई पॅकिंगला आहे, मग वर्षभर पैसे कुठून आले? गाडीचोरी त्यातूनच आली असेल तर नवल नाही. माझ्याकडे एक पोरगं होतं, त्याच्यावर चार हजार बाकी होते. सुटल्यावर तिसऱ्या दिवशी गल्लीत गाडी येऊन थांबली, पैसे दे नाहीतर हे एवढं पाकीट तिकडे पोचव. त्याने पाकीट पोचवलं, कारण घरात चार हजाराचं नाव काढायची हिंमत नव्हती. आणि पाकीट हातात असलेल्या पोराने स्वतः घ्यायचं नाही, हे होतच नाही. आम्हाला नशा परत सुरू झालेली दिसली आणि आम्ही नशेवर बोलत बसलो, मुळात भीती होती ती आम्हाला दिसलीच नाही.

म्हणून भाच्याला विचारा, रागावणार नाही असं आधी कबूल करून विचारा. असलं काही निघालं तर गुपचूप पैसे देऊन टाकू नका, दिलेत की पुढचा आकडा येतो, आणि स्वतः भांडायला तर अजिबात जाऊ नका. त्याच्या केसचे परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, असतात, त्यांना सांगा, बाल न्याय मंडळासमोर तारखेला सांगा, किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७७ आहे, मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, आणि कलम ७८ मध्ये मुलाला विकायला किंवा पोचवायला वापरणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. म्हणजे त्या पाकिटाच्या बाबतीत कायदा तुमच्या भाच्याकडे आधी वापरला गेलेला मुलगा म्हणून बघू शकतो, पण ते कुणीतरी तोंड उघडून सांगायला हवं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला तेव्हा सगळं शहर हादरलं, दोन महिने सगळे त्यावरच बोलत होते, पण गल्लीतलं पाकीट पोचवणारं सतरा वर्षांचं पोरगं तेव्हाही कुणाच्या बोलण्यात नव्हतं.

आता सुटण्याचा दिवस. यावर मी मुद्दाम जास्त लिहितेय.

एक सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याला घ्यायला वडील आले खरे, पण कंपनीतून हाफ डे टाकून. सह्या झाल्या, बाहेर आले, वडिलांनी त्याला शंभर रुपये दिले, सीबीएस बसस्टँडला सोडलं आणि म्हणाले तू जा बसने, मला सेकंड शिफ्टला पोचायचंय. वाईट माणूस नव्हता हो तो, खाडा पडला तर पगार कापला जाणार होता. पोरगं घराजवळ उतरलं तर घराला कुलूप. किल्ली कुणाकडे ते त्याला माहीत नाही, कारण तो आत असताना शेजारी बदलले होते. कपड्यांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. तासाभराने जुना मित्र समोरून गेला, थांबला, मागे आला आणि म्हणाला, अरे कधी आलास, जेवलास का? त्या दिवशी त्याला जेवलास का म्हणून विचारणारं पहिलं माणूस ते होतं. घरी तो रात्री साडेदहाला पोचला. मधे काय झालं ते त्याने मला आठ दिवसांनी सांगितलं आणि सांगताना पण नशेबद्दल कमी आणि त्या कुलपाबद्दल जास्त बोलत होता.

तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगते, त्या दिवशी दोन माणसं घ्यायला जा, बहिणीने सुट्टी टाकायलाच हवी, पगार कापला गेला तर तो तुम्ही भरून द्या, व्यसनावर नंतर जे खर्च होतील त्यापुढे तो काहीच नाही. सरळ घरी. वाटेत देवदर्शन वगैरे करायचं असेल तर करा पण त्याला कुठेही एकटं सोडू नका. घरी त्याच्या आवडीचं जेवण. त्या दिवशी एकही भाषण नाही, आता तरी सुधर, आईकडे बघ, यातलं काही नाही. नातेवाईक बघायला येतील त्यांना चार दिवसांनी या म्हणून सांगा. आणि त्याची झोपायची जागा, कपडे ठेवायची जागा रिकामी करून ठेवा. तीन महिन्यांत घरात त्याच्या जागेवर पसारा आलेला असतो, पोरं ते येताक्षणी बघतात.

एक गोष्ट जिवाची आहे, ती नीट वाचा. तीन महिने बंद असल्यामुळे शरीराची सवय मोडलेली असते. आधी जेवढं पचायचं तेवढं आता पचत नाही, पण पोरगं हिशोब जुनाच धरतं. गोळ्यांचं, म्हणजे आपल्याकडे कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलम, खोकल्याच्या औषधाचं, गर्दचं म्हणजे ब्राऊन शुगरचं हे फार धोक्याचं आहे, त्यात वरून दारू गेली तर श्वास मंद होत होत थांबू शकतो. सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे यासाठी सगळ्यात वाईट. सोल्यूशनचं तर असं आहे की ते हुंगताना हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी जीव जाऊ शकतो, त्याला किती दिवसांची सवय आहे याचा संबंध नाही. म्हणून कधी तो उठवून उठत नसेल, घोरण्याचा विचित्र आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर झोपू दे, उतरेल सकाळी, असं करू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन. आणि परत रोज गोळ्या घ्यायला लागला असं लक्षात आलं तर घरात कोंडून एकदम बंद करू नका, त्याने फिट येऊ शकते, डॉक्टरकडे न्या. हे भाच्यालाही सांगा. काही लोकांना वाटतं असं सांगितलं म्हणजे आपण परवानगी दिली. तसं नाही, पोराला एवढं कळतं की मामाला मी जिवंत हवाय.

मग पुढचा प्रश्न, दिवसभर करायचं काय. खरं तर दिवस नाही, संध्याकाळ. बहिणीची सेकंड शिफ्ट असेल म्हणजे तीन ते अकरा, तर ते आठ तास पोरगं एकटं, आणि कट्टा भरतो तो बरोबर त्याच वेळी. कंपनीत बोलून दोन महिने फर्स्ट शिफ्ट मागून घ्या, सुपरवायझरला सगळं सांगायची गरज नाही, घरी आजारपण आहे म्हणा. नाहीच जमलं तर संध्याकाळी त्याने कुठे असायचं ते आधी ठरलेलं हवं, आणि तिथे त्याची वाट बघणारं कुणीतरी हवं.

काम लवकर लावा पण काम बघून लावा. इथे माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका मुलाला मी ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे लावलं, माणूस सज्जन, दुकान घराजवळ, मला वाटलं छान झालं. नवव्या दिवशी पोरगं माझ्याकडे आलं, उभ्या उभ्या म्हणालं, ताई मला तिथे नको, डबा उघडला की तोंडाला पाणी सुटतं. मी चाट पडले. सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलाला मी सोल्यूशनच्या डब्याशेजारी बसवलं होतं, आणि नऊ दिवस त्याने ते एकट्याने सोसलं. त्याला मग एका इलेक्ट्रिक फिटिंगवाल्याच्या हाताखाली दिलं, तिथे तो टिकला. तेव्हा काम ठरवताना पंक्चर, पेंटिंग, थिनर, फर्निचर पॉलिश, रेक्झीन, चपलांचं काम हे सगळं बाजूला ठेवा. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवताच येत नाही, तेही मालकाला विचारा. हुंगण्याची सवय ही मुळात पोरांची सवय आहे, २०१९ च्या सरकारी पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के आणि मुलांमध्ये १.१७ टक्के निघालं होतं, बाकी कुठल्याच नशेत मुलं मोठ्यांच्या पुढे नव्हती. स्वस्त, कुठेही मिळतं आणि दुकानदार देताना विचारत नाही.

पगाराचा दिवस पण लक्षात ठेवा, शनिवारी हातात एकदम दीड-दोन हजार आले की ती रात्र अवघड असते. पहिले काही महिने पैसे आईच्या खात्यात जातील आणि तू मागशील तेव्हा हिशोबाने मिळतील, हे त्याच्याशी बोलून, त्याचं ऐकून ठरवा. चोरासारखं पैसे लपवून ठेवू नका, त्याला ते कळतं. शिक्षण सुटलं असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, आयटीआयला दहावी नापास मुलांसाठी पण काही ट्रेड असतात. पण पहिल्याच आठवड्यात क्लास, काम, जिम सगळं एकदम लावू नका, एक धरू दे.

पिंपळगावचं विचारलंत. माझं मत असं की न्या, पण शिक्षा म्हणून नको आणि कायमचं म्हणून नको. दीड-दोन महिने कट्ट्यापासून लांब राहिला, बागेत तुमच्याबरोबर काम केलं, रात्री दमून झोपला, तर फायदाच आहे. मात्र केस चालू आहे तेव्हा राहायचा पत्ता बदलतोय हे परिवीक्षा अधिकाऱ्यांना सांगून मगच न्या आणि तारखा चुकवू नका, तारीख चुकली की सगळं परत पहिल्यापासून. आणि गावात नशा नाही असं समजू नका, छाटणीच्या मजुरांबरोबर संध्याकाळी काय बसतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणखी एक, आम्ही एकाला दिंडोरीला काकांकडे ठेवला होता, सहा महिने सोन्यासारखा राहिला, आम्ही सगळे खूश, गणपतीला घरी आला आणि पहिल्याच संध्याकाळी घेतलं. सहा महिन्यांत तो बदलला होता, गल्ली तिथेच होती आणि तिला तोंड कसं द्यायचं याची तयारी आम्ही करून घेतली नव्हती. म्हणून गावाहून मधेमधे एक-एक दिवस घरी आणायचं, तुम्ही बरोबर राहायचं, त्या टपरीसमोरून त्याच्याबरोबर चालायचं, काय वाटतंय ते विचारायचं. हळूहळू ती सवय होते.

फोन द्या. नाही दिला तर तो दुसऱ्याचा वापरेल आणि तुम्हाला कळणार पण नाही. नवीन सिम घ्या, जुने नंबर आणि इन्स्टाचं अकाउंट त्याने स्वतः बसून काढू दे, तुम्ही हिसकावून काढलेत तर तासाभरात परत येतील.

व्यसनमुक्ती केंद्राबद्दल नीट ऐका. आत्ता तीन महिने त्याने काही घेतलेलं नाही, एका बंद जागेतून निघाला आणि लगेच दुसऱ्या बंद जागेत गेला तर तो तुमच्यावरचा विश्वास गमावून बसेल. त्याची गरज लागली तर नंतर बघता येईल. आत्ता हवंय ते बाहेरून उपचार, म्हणजे सिव्हिलच्या मानसोपचार विभागात एकदा दाखवणं, झोप, चिडचिड, उदासपणा तपासून घेणं, कारण एमडी बंद झाल्यावर कितीतरी दिवस कशातच मन लागत नाही आणि काही मुलांच्या डोक्यात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात. तो तसं काही बोलला तर त्याला एकटं ठेवू नका, १४४१६ ला फोन करा, तो टेलीमानसचा नंबर आहे. व्यसनासाठी १४४४६ आहे. उपचाराला गेलो तर पोलिस येतील ही भीती मनातून काढा, डॉक्टरांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. पुढे कधी भरती करावं लागलंच तर केंद्राला दोन गोष्टी विचारा, अठराच्या आतली मुलं मोठ्यांपासून वेगळी ठेवता का, आणि घरचं माणूस सोबत राहू देता का. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दोन्ही लिहिलेलं आहे. "तुम्ही टाकून जा, तीन महिने भेटायचं नाही, आम्ही बघतो" असं जो म्हणेल तिथून उलट्या पावली निघा. मारहाण झालेली पोरं मी तिथून परत आणलीत, ती सगळी अजून घट्ट होऊन आली, नशाही आणि रागही.

घाबरवून काही होत नाही, हे पण सांगून ठेवते. नात्यातला हवालदार आणून दम देणं, जेल दाखवून आणणं वगैरे. अमेरिकेत पोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवायचे कार्यक्रम खूप वर्षं चालले, नंतर तपासलं तर तिथे नेलेली मुलं न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. तुमचा भाचा तर आत राहून आलाय, त्याला काय दाखवणार.

माळ घालायची का असं बहिणीच्या मनात आहे म्हणालात. मी विरोधात नाही. ज्यांना माळ लाभली त्यांना मी बघितलंय, पण नीट बघितलं तर त्यांना लाभलं ते संध्याकाळचं भजन, चार मोठी माणसं, निवृत्तीनाथांच्या दिंडीत बरोबर चाललेलं कुणीतरी. म्हणजे संगत बदलली. ढोल पथकात पण हेच होतं, पथकाचा म्होरक्या चांगला असेल तर रोज संध्याकाळी दोन तास पोरगं हात दुखेपर्यंत वाजवतं आणि घरी येऊन झोपतं. म्होरक्या कोण आहे ते मात्र स्वतः जाऊन बघा. नुसती शपथ घ्यायला लावायची, आईच्या डोक्यावर हात ठेवून, हे करू नका. शपथ मोडली की पोरगं सांगत नाही, लपवतं, आणि लपवायला लागलं की आपल्या हातातून गेलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. तो घसरू शकतो. बरीच मुलं एकदा तरी घसरतात. एकदा घेतलं आणि परत सुरू झालं यात खूप अंतर असतं, आणि त्या अंतरात घरातलं माणूस काय बोलतं यावर सगळं ठरतं. समजा रात्री बाराला आला, डोळे लाल, जबडा चावतोय, तोंडाला वास. त्या वेळी बोलायचं नाही. शुद्धीत नसलेल्या माणसाशी वाद घालून कुणाचं भलं झालं नाही. दार उघडायचं, श्वास नीट आहे ना बघायचं, झोपवायचं, एवढंच म्हणायचं की आलास ते बरं झालं, सकाळी बोलू. बहिणीला हे फार जड जाईल, तिला आधीच सांगून तयार करा. सकाळी पण आंघोळ, चहा झाल्यावर. काय विचारायचं? "का घेतलंस" नको, त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. "काल दुपारपासून काय काय झालं ते सांग." कुठे होता, कोण भेटलं, पैसे कुठून आले, मनात काय चाललं होतं. बोलता बोलता तोच सांगतो की मामा, सकाळी पप्पांशी वाजलं होतं, तिथून डोकं फिरलं. मग तुम्हाला कळतं की पुढच्या वेळी कुठे हात घालायचा.

एका आईने हे इतकं सुंदर केलं होतं. वडाळा गावातली, चार घरी पोळ्या करायची. पोरगं दीड महिन्याने घसरलं, पहाटे आलं, तिने दार उघडलं, पांघरूण दिलं. सकाळी कामाला जाताना त्याच्या उशाशी दोन पोळ्या झाकून ठेवल्या आणि मला फोन केला, म्हणाली मी रडले न्हाई ताई, पन आता तुमी या. मी गेले तेव्हा पोरगं त्या पोळ्यांकडे बघत बसलेलं, खाल्ल्या नव्हत्या. म्हणालं, तिने शिव्या दिल्या असत्या तर मी निघून गेलो असतो. त्याने नंतर अजून एकदा घेतलं, मग नाही. आज त्याचं स्वतःचं पाणीपुरीचं छोटं दुकान आहे आणि त्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याने करवून घेतलं.

दाजींचं काय करायचं ते अवघड आहे, मला कळतं. ते सुटतील न सुटतील, निदान घरात बाटली येऊ नये आणि पिऊन पोरावर हात उचलू नये एवढं तरी तुम्ही मोठे म्हणून बसून बोला. तेही शक्य नसेल तर पिंपळगावचा मुक्काम लांबवा, त्यासाठी ते कारण पुरेसं आहे.

लघवी तपासायच्या किट मेडिकलमध्ये मिळतात, लोक मला विचारतात. चोरून करू नका. त्यालाच पटलं आणि तो म्हणाला की मामा तुम्ही दर पंधरा दिवसांनी करा म्हणजे आईचा माझ्यावर विश्वास बसेल, तर करा. पण सोल्यूशनचं त्यात कळत नाही आणि एमडी प्रत्येक किटमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून किट कोरी आली म्हणजे सगळं ठीक असं धरून चालू नका. नजर, झोप, भूक, तोंडाभोवती पुरळ, कपड्यांना येणारा वास, यावर जास्त लक्ष असू द्या.

त्याच्या मनात अजून एक गोष्ट घर करून असेल, की माझ्यावर शिक्का बसला, मला आता कोण नोकरी देणार, मग सुधारून तरी काय फायदा. हे त्याला समजावून सांगा. कायद्याने अशा केसचा निकाल लागला किंवा ती बंद झाली की चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती माहिती द्यायची नसते, आणि त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्यावरून त्याला अपात्र धरता येत नाही. सोळाच्या वरच्या मुलाची केस मोठ्यांसारखी चालली तर वेगळं, पण गाडीचोरीत ते येत नाही. सणाच्या आधी चौकशीला बोलावणं आलं तर त्याला एकटं पाठवू नका, तुम्ही बरोबर जा, शांतपणे केसचा कागद दाखवा. तो कागद झेरॉक्स काढून घरात दोन ठिकाणी ठेवा. गुन्हेगार हा शब्द घरात कुणी वापरायचा नाही, धाकट्या भावंडांनी पण नाही.

सुटायला अजून आठवडा आहे, म्हणजे हातात वेळ आहे. उद्या-परवा भेटीला जा आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांना सांगा की याची वैयक्तिक काळजी योजना काय केलीय ती आम्हाला समजून घ्यायचीय, ती प्रत्येक मुलाची करायची असते, त्यात व्यसनाचं काय लिहिलंय ते बघा, नसेल तर घालायला सांगा, सुटल्यावर कोण भेटणार, कधी भेटणार हे नावानिशी विचारा. भाच्याला विचारा की बाहेर आल्यावर तुला पहिल्यांदा शोधत कोण येईल. तो जे नाव घेईल त्यावरून तुम्हाला बरंच कळेल. बहिणीचा सुट्टीचा अर्ज आजच द्यायला सांगा, शेवटच्या दिवशी दिला तर नाही म्हणतात. आणि घ्यायला जाताना नवीन चप्पल आणि एक शर्ट-पँट घेऊन जा, जरा मोठ्या मापाचे, या वयात तीन महिन्यांत पोरं वाढतात आणि आत जाताना घातलेले कपडे त्यांना आखूड होतात. उधारीचं काय निघालं ते कळलं की मला परत लिहा, पुढचं त्यावर ठरवू.